कडेवरचं लेकरू

कापसाची सीतादही झाली, की आमच्या शाळेत पट नुसता हजेरीवर उरतो आणि पोरं वावरात जातात. पांढरकवड्यापासून थोड्याच अंतरावर, कोलामांच्या एका पोडावर मी शिकवते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. दोन खोल्या, एक हातपंप, मागे खिचडीची चूल, आणि पहिली ते चौथीला मिळून एक सर आणि मी. एवढीच आमची शाळा.

तुमच्यापैकी ज्या शिक्षिका आहेत, त्यांना आमचं रडगाणं वेगळं सांगायला नको. सकाळी शाळेत पाय ठेवला की फोन वाजतो. अमुक माहिती आजच्या आज भरा. वर्गात रेंज नाही, म्हणून मी हातपंपाजवळच्या कडुनिंबाखाली मोबाइल उंच धरून उभी, आणि वर्गात पहिलीची पोरं एकमेकांच्या पाट्या पुसताहेत. तांदूळ किती शिजला, किती उरला, त्याचा हिशेब. मतदार याद्यांचं काम आलं की तेही आपलंच. या सगळ्यातून वेळ उरला तर शिकवायचं. बरं, शिकवायचं तरी कोणत्या भाषेत? मुलं घरी कोलामी बोलतात. पुस्तक मराठी. पहिलीतलं लेकरू माझ्याकडे नुसतं बघत राहतं. आपण म्हणतो, पोरगं बुजरं आहे. ते बुजरं नसतं हो, त्याला आपलं काही कळलेलंच नसतं.

पण आज मला सांगायचं आहे ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल, आणि ती चूक जिच्यामुळे कळली त्या बाईबद्दल.

तिसरीतली एक मुलगी. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ. कापूस फुटला आणि ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायला लागली. भाऊ दीड वर्षाचा. आईबाप वेचणीला, घरी कोणी नाही. तो वर्गात रडायचा, रांगत जाऊन दुसऱ्यांची पुस्तकं तोंडात घालायचा. एकदा तर त्याने वर्गाच्या मधोमध ओलं केलं आणि भिंतीवरचा तक्ता ओढून टरकावला. दुसऱ्या दिवशी आमची तपासणी होती. आधीच डोकं तापलेलं. मी तिला सांगितलं, उद्यापासून याला घरी ठेवून ये.

ती काहीच बोलली नाही. मान हलवली, भावाला उचललं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तपासणी नीट झाली, तक्ता नवीन लागला, शेरा चांगला मिळाला. आठवडा झाला तरी तिची जागा रिकामीच. मी नको म्हटलं होतं भावाला, शाळा मात्र बंद झाली बहिणीची.

त्याच सुमारास गावातल्या एका निवृत्त बाईंकडे गेले होते. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढून हातात ठेवलं. अनुताई वाघांचं कोसबाडच्या टेकडीवरून.

अनुताई वाघ हे नाव मला माहीत होतं. डी.एड.ला टीप लिहा म्हणून यायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अशी जोडीनं पाठ केलेली नावं. पाच मार्कांपुरती ओळख. पुस्तक वाचलं आणि वाटलं, अगं बाई, ही तर आपल्यातलीच! साधी प्राथमिक शिक्षिका. तिलाही हीच पोरं भेटली होती, आणि हेच कडेवरचं लेकरू.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तो संपला. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरलेलं असायचं. स्वयंपाकघराचा कोपरा आणि दुसऱ्यांची बाळंतपणं. अनुताईंच्या घरच्यांनी मात्र तिला शिकू दिलं. व्हर्नाक्युलर फायनल झाली, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं आणि १९२९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिकवायला लागल्या. विशीच्या आतली विधवा बाई, एकटी, खेड्यातल्या शाळेत. आपण आज बदली झाली की घरभाडं आणि बसच्या वेळा बघतो. तिला त्याआधी लोकांच्या नजरा बघाव्या लागल्या असतील.

पुढे त्या पुण्याला हुजूरपागेत आल्या आणि तिथे दहा वर्षांहून जास्त शिकवलं. दिवसा शिक्षिका आणि रात्री विद्यार्थिनी! रात्रशाळेत जाऊन १९३७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. तर त्यांनी १९६१ मध्ये केलं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. पन्नाशीत आपण चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरतो. ही बाई आदिवासी पाड्यावरची शाळा सांभाळून परीक्षेचा अभ्यास करत होती.

पुण्यातली नोकरी चांगली होती. शहर, नावाजलेली शाळा, चुणचुणीत मुली. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९४५ मध्ये एका शिबिराच्या निमित्तानं त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली आणि पुढचं सगळं बदललं.

ताराबाईंचं आपल्या वऱ्हाडाशीही नातं आहे बरं का. त्यांचे पती अमरावतीला वकिली करायचे. तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, आधी राजकोटला आणि मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण मनात एक खंत होती. मॉन्टेसोरीचं हे शिक्षण शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांपुरतंच राहणार का? खेड्यातल्या गरिबाच्या मुलानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्या १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्या वेळी त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि अनुताई पस्तीसच्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

मैत्रिणींनो, तेव्हाचा तो भाग कसा होता हेही लक्षात घ्या. डहाणू-उंबरगावचे वारली आदिवासी जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचलेले होते. त्याच वर्षी, १९४५ मध्ये, गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वेठीविरुद्ध त्यांचा लढा सुरू झाला. पोट भरायची भ्रांत असलेल्या घरात कोण म्हणणार, की बाळा, बालवाडीत जा?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. जागा होती, साधनं होती, जीव टाकणाऱ्या बाया होत्या. गावातली खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलं आली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती हरिजनवाड्यातली आणि आदिवासी मुलं काही येईनात.

इथे मी पुस्तक मिटलं. कारण याच ठिकाणी मीही रोज उभी असते. मुलं येत नाहीत. मग आपण काय करतो? गैरहजेरीची कारणं लिहितो. पालक अशिक्षित, पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, स्थलांतर, शेतीकाम. दरवर्षी तीच कारणं त्याच रकान्यात मी माझ्या हातानं लिहिली आहेत.

ताराबाई-अनुताईंनी रकाना भरला नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग आत्ता ते कुठे आहे, असा साधा प्रश्न त्यांनी धरला. मूल त्याच्या वस्तीत आहे, झोपडीपुढच्या अंगणात आहे. मग बालवाडीच उचलून अंगणात नेली. झाडाखाली, कुणाच्या ओसरीपुढे, जिथे मुलं होती तिथे. म्हणून तिचं नाव अंगणवाडी.

आज हा शब्द कुणाला माहीत नाही? २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि हळूहळू अंगणवाडी गावोगाव पोचली. पोषण आहार, लसीकरण, वजन, सगळं तिच्याशी जोडलं गेलं. पण शब्दातलं अंगण मात्र आपण कधीच विसरलो. आमच्या पोडावरच्या लेकरांची अंगणवाडी मूळ गावात आहे, नाल्यापलीकडे, दीड किलोमीटरवर. दीड वर्षाच्या लेकराला तिथे कोण नेणार, आणि नेलं तरी दिवसभर कोण सांभाळणार?

अंगणात गेल्यावर अनुताईंच्या लक्षात आलं, की अक्षरं दूरच, आधी अंग धुवायला हवं. नखं काढणं, केस विंचरणं, नाक पुसणं, आंघोळ घालणं इथून दिवस सुरू व्हायचा. हुजूरपागेतली शिक्षिका आता परक्या लेकरांच्या डोक्यातल्या उवा काढत होती. आज धुतलेलं मूल उद्या पुन्हा तसंच येतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. काल शिकवलेला क आज पुन्हा पुसलेला असतो, तसंच हे. या कामात झालं एकदाचं असं म्हणायची सोय नसते.

मॉन्टेसोरीची महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती. मग समुद्रकाठचे शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या आणि माती हीच साधनं झाली. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पानं-फुलं. मुलांच्या ओळखीच्या वस्तू, त्यांच्या ओळखीची गाणी, त्यांची बोली. मूल मुकं बसत नाही मग. त्याला सांगायला काहीतरी असतं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे मला माझं उत्तर सापडलं. अनुताईंना दिसलं, की प्राथमिक शाळेत मुली टिकत नाहीत. का? तर कडेवर भावंडं असतात. भावंडांना घरी ठेव म्हणून सांगणं सोपं होतं, मी सांगितलंच की! त्यांनी काय केलं, तर तान्ह्यांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. बहीण भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोडायची आणि आपल्या वर्गात बसायची. मधे तो रडला तर ती दोन मिनिटं जाऊन बघून यायची. घरी नेताना पुन्हा कडेवर.

जी मुलं गुरं राखायला जायची त्यांचं काय? त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. गुरं कुरणात चरायची आणि शिक्षक सामान घेऊन तिथेच जायचे. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. प्रत्येक वेळी तोच प्रश्न. मूल कुठे आहे? मग शाळा तिथे.

असं वाचताना सगळं सोपं वाटतं. पण बोर्डीला १९४५ मध्ये गेलेल्या अनुताई त्या भागातच राहिल्या, शेवटपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं, नाव मोठं होतं. त्यांच्यामागे संस्था, पैसा, माणसं हे सगळं ओढायचं काम अनुताईंवर आलं. वय तेव्हा त्रेसष्ट. आपल्याकडे अठ्ठावन्नला निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं. त्यांनी पुढे १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

पद्मश्री पंचाहत्तराव्या वर्षी. मधली चाळीस वर्षं त्या बाईला रोज काय मिळत होतं? मला हाच प्रश्न पडला होता. पुस्तक वाचून झालं तेव्हा वाटलं, तिला तेच मिळत होतं जे आपल्याला कधीमधी मिळतं आणि आपण मोजत नाही. काल दारामागे लपलेलं पोर आज समोर येऊन बसलं. एकानं आपणहून हात धुतले. एकीनं पहिल्यांदा तोंड उघडून गाणं म्हटलं. ही मिळकत अशी, की कोणत्याही तक्त्यात बसत नाही. पण तीच मोजता आली नाही, तर शिक्षिका आतून सुकते.

पुस्तक परत द्यायच्या आधीच्या रविवारी मी त्या मुलीच्या आईबापांना भेटायला वावरात गेले. आई ओटीत कापूस घेऊन वेचत होती. बांधावर फडक्याच्या सावलीत तो लहानगा झोपला होता आणि ही बाजूला बसून त्याच्यावरच्या माश्या हाकत होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी. मी तिच्या आईला म्हटलं, उद्यापासून दोघांनाही पाठवा. आईला वाटलं असेल, ही मास्तरीण आधी एक सांगते आणि आता दुसरंच. खरंच होतं ते.

शाळेत सरांना पटत नव्हतं. पडलं-धडपडलं तर जबाबदारी कोणाची, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. आम्ही मधला मार्ग काढला. चूल मागे होती, व्हरांडा मोकळा होता. तिथे एक सतरंजी टाकली. घरून मोठी भांडी, लाकडी चमचे आणि जुनी ओढणी आणली. बारक्याच्या तोंडात जाईल असं काही ठेवायचं नाही, हे ठरवलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, चूल विझली की मी बघते. तोवर चौथीच्या मुली पाळीपाळीनं बघतील. आणि मी खुर्ची दाराशी आणली, म्हणजे एक डोळा वर्गावर, एक व्हरांड्यावर.

आमच्या सतरंजीला विकासवाडी म्हणायची माझी हिंमत नाही. सतरंजी आली तशी आणखी दोन भावंडं आली. गोंगाट वाढला. एक दिवस तिघंही एकदम रडली आणि गणिताचा तास तसाच गेला. मी मनात म्हटलं, अनुताई, तुम्ही सत्तेचाळीस वर्षं कशी काढलीत हो?

पण ती मुलगी आली. वेचणी संपेपर्यंत जवळजवळ रोज आली.

पुढे मोहफुलं वेचायचे दिवस आले तेव्हा पुन्हा खाडे झाले, ते काही मी थांबवू शकले नाही. सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार राज्यात २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हापासून आमच्या पोडावरही धाकधूक आहे. आमची शाळा लांब गेली तर माझी बदली होईल, एवढंच. पण कडेवर भाऊ घेतलेली बहीण नाला ओलांडून किती लांब जाईल? अनुताईंनी शाळा अंगणात नेली, आणि आपण ती अंगणातून उचलायची गोष्ट करतो आहोत. हे मला टोचतं, आणि टोचायलाच हवं.

परवा दुपारी खिचडीनंतर मी हजेरीचे आकडे मोबाइलवर भरत कडुनिंबाखाली उभी होते. रेंज येत-जात होती. सहज व्हरांड्याकडे बघितलं. ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती, भाऊ मांडीत. मराठीचं पुस्तक उघडलेलं. ती एकेक शब्द वाचत होती आणि मधेच थांबून त्याला कोलामीत काहीतरी सांगत होती. तो चित्रावर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होता. मला त्यांची कोलामी कळली नाही. पण पहिल्यांदाच मला जाणवलं, की आमच्या शाळेत एक दुसरी शिक्षिका आहे, आणि पुढच्या काही वर्षांनी पहिलीत येणारा तो मुलगा माझ्याकडे नुसता बघत बसणार नाही.

आकडे पाठवायचे राहून गेले. फोन आला तेव्हा बोलणी खाल्ली. हरकत नाही.

त्या आठवड्यात मी एक जुनी वही घेतली. रोज शाळा सुटली की एक ओळ लिहिते. गैरहजर किती ते नाही, तर आज काय मिळालं ते. कधी कधी लिहायला काहीच नसतं. पण ज्या मैत्रिणी शिक्षिका आहेत त्यांनी करून बघा. आणि ज्या नाहीत, त्यांनी आपल्या मुलांच्या बाईंना कधीतरी नुसतं विचारा, आज वर्गात काय छान झालं? बघा, त्या क्षणभर थांबतील, कारण हे त्यांना सहसा कोणी विचारत नाही. मग सांगायला लागतील, आणि थांबायच्या नाहीत.